प्रकरण सतरावे : मोतिया मखमलीवरचा डाग

शनिवारी दुपारी जुने कारागीर उस्ताद हातोडी टेबलावर ठेवून निघून गेले आणि रविवारी सकाळी वहिनीने सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. घरात नव्हे, कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं वर गेलेलं या घरात कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे जो तो वाकून आत शिरताना आधी वहिनीच्या तोंडाकडे बघत होता आणि मग बसायच्या जागेकडे.

जागेला तोटा नव्हता. तीन पिढ्या सोफे बनवणारं घर ते. धाकटा दीर दुरुस्तीला आलेल्या फिरत्या खुर्चीत बसून थोडा इकडे, थोडा तिकडे झुलत होता. दुकानात गिऱ्हाईक सांभाळायचं काम त्याचं, त्यामुळे गप्प बसणं त्याला जड जाई. त्याची बायको, म्हणजे वहिनीची जाऊ, शाळेत गणित शिकवायची. ती डायरी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. सासूबाई, ज्यांना सगळेच आई म्हणत, उंच पाठीच्या खुर्चीत पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या. आणि वहिनीचा नवरा, घरादाराचा दादा, आपल्या रंध्याच्या बाकावर. सोफ्यांचे लाकडी सांगाडे तो बनवायचा आणि दिवसाला मोजून वीसेक वाक्यं बोलायचा.

वहिनी तेवढी उभी होती. ती नेहमीच उभी असायची.

मधोमध तो सोफा होता. तीन माणसांचा, मोतिया रंगाच्या मखमलीचा, एका फोटोग्राफरच्या स्टुडिओसाठी खास बनवलेला. मंगळवारी त्याची माणसं न्यायला येणार होती. आणि त्याच्या डाव्या बैठकीवर तळहाताएवढा डाग पडला होता.

"उस्तादांचा काही निरोप?" धाकट्याने विचारलं.

"निरोप कशाला येईल? तू जाऊन माफी मागितल्याशिवाय ते येणार नाहीत."

"मी माफी मागू? वहिनी, पंचवीस वर्षं मी त्यांना सांगतोय, चहाचा ग्लास कामाच्या टेबलावर ठेवू नका म्हणून. आता मखमलीवर सांडला तर बोलूही नको?"

"तो चहा नाही."

"मग पाणी असेल."

"पाणीही नाही. तो डाग माझा आहे."

खुर्ची झुलायची थांबली. "तुझा म्हणजे?"

"म्हणजे माझा," वहिनी म्हणाली. एवढ्यावर भागेल अशी एक वेडी आशा तिला सकाळपासून होती. धाकट्याच्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघून ती मावळली. जाऊला कळलं होतं. तिने डायरी हलकेच मिटली होती. पण धाकटा अजून भुवया वर करून उत्तराची वाट बघत होता.

"लघवी," वहिनी म्हणाली. "सोफा उचलताना माझी लघवी सुटली. आता कळलं?"

हा शब्द या घरात डॉक्टरसुद्धा आवाज खाली आणून बोलत. दादा पायाशी पडलेल्या लाकडाच्या ढलप्यांकडे बघू लागला. धाकट्याचे कान तांबडेलाल झाले. आईंनी तेवढा चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर वहिनीने सगळंच सांगून टाकलं. शनिवारी सोफ्याचं एक टोक तिने धरलं होतं, दुसरं धाकट्याने. एक, दोन, तीन म्हणून उचलायचं ठरलं आणि तीनला पोटावर जोर आला तशी धार सुटली. आतला पॅड सकाळपासून बदललेला नव्हता, तो काय पुरणार. उभी राहिली असती तर पायांवरून ओघळलं असतं, म्हणून ती गुडघा दुखल्याचं निमित्त करून मटकन सोफ्यावर बसली. धाकटा फोन घ्यायला बाहेर गेला तशी ती न्हाणीघरात पळाली. कपडे बदलून येते तर इकडे धाकट्याचा तोफखाना सुरू, आणि समोर उस्ताद. तोंडात खिळे धरून काम करणारा माणूस तो, त्यांनी एकेक खिळा तोंडातून काढून डबीत टाकला, म्हणाले, "माझा ग्लास कोरडा आहे," आणि हातोडी ठेवून बाहेर पडले.

"आणि मी मूग गिळून उभी," वहिनी म्हणाली. "सबंध रात्र मला तेच दिसत होतं. सहा वर्षं हे लपवलं. पण दुसऱ्याच्या माथी मारून लपवायची वेळ आली तेव्हा मात्र पुरे झालं."

"सहा वर्षं?" दादा म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

सहा वर्षं. खोकलं की, शिंकलं की, खळखळून हसलं की, कापडाचा तागा उचलला की. सुरुवातीला थेंब, मग चमचा, मग त्याहून जास्त. म्हणून तिचे कपडे कायम गडद. म्हणून गुडघ्याखाली पोचणारा तो एप्रन, जो ती स्वयंपाकघरातही काढत नसे. गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेली की ती कधी टेकायची नाही. पाहुण्यांकडे गेलं की पहिल्या पाच मिनिटांत निघायची घाई. नातेवाइकांत तिच्याबद्दल एक मत पक्कं झालं होतं की बाई कामाला वाघ आहे पण भारी आखडू. ते मत तिने मोडून काढलं नव्हतं. खऱ्या कारणापेक्षा ते बरं होतं.

"ताई, राग मानू नका," जाऊ म्हणाली, "पण याला वजन कारण असतं. मी तुम्हाला किती वर्षं सांगतेय."

"सांगतेस खरी. रोज सांगतेस."

"मग उतरवा ना. शंभराच्या पुढे गेलात तुम्ही."

"एकशे चार होते. आता शहाण्णव आहे."

आठ किलो घरात कुणाच्या लक्षात आले नव्हते. एप्रनखाली काय दिसणार?

तेव्हा वहिनीने दुसरी लपवाछपवीही बाहेर काढली. पहिल्यांदा ती ज्या डॉक्टरकडे गेली होती त्याने तिला तपासलंसुद्धा नव्हतं. वजनकाट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी हे खाली आणा, मग या." त्यानंतर तीन वर्षं ती कुणाकडे गेली नाही. मग कुणीतरी एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. गेले आठ महिने ती दर गुरुवारी त्यांच्या दवाखान्यात जात होती. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम तिथल्या शिक्षिकेकडून शिकली, जेवणाचं गणित बदललं, सकाळी कारखाना उघडण्याआधी पाऊण तास चालू लागली. फरक पडला. साध्या खोकल्याला आता बहुतेक वेळा काही होत नव्हतं. पण ओझं उचललं की पुन्हा ते आलंच.

"दर गुरुवारी तू कापडबाजारात जातेस ना?" धाकटा म्हणाला.

"असं मी सांगत होते."

"तरीच. तरीच गुरुवारी कापड कधी यायचं नाही. मी व्यापाऱ्याला फोनवर काय काय बोललोय, तुला कल्पना नाही." तो कपाळाला हात लावून बसला आणि आईंना हसू फुटलं. मग वहिनीलाही. तिने सवयीने लगेच मांड्या आवळल्या आणि हसू अर्ध्यावर गिळलं. ते जाऊने पाहिलं. एरवी तिने पाहिलं नसतं.

"आता त्या म्हणतात, ऑपरेशनने होईल," वहिनी म्हणाली. "पुढच्या महिन्यात तारीख मिळते आहे. त्यानंतर सहा आठवडे मला काही उचलता येणार नाही. म्हणून सगळ्यांना बोलावलं."

"नाही," दादा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो उभा राहिला होता आणि दोन्ही हातांनी बाकाची कड धरून होता.

"ऑपरेशन नाही. पॅड आण. दिवसाला दहा आण. मी उचलत जाईन सोफे. ऑपरेशन नाही करायचं."

का ते सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याचे वडील एका साध्या हर्नियासाठी चालत आत गेले आणि चालत बाहेर आले नाहीत. त्यांनी दादाच्या हातात घड्याळ काढून दिलं होतं, धर जरा म्हणून. ते घड्याळ दादाने अजून कुणाला दिलं नव्हतं आणि स्वतःही कधी बांधलं नव्हतं.

"दादांचं बरोबर आहे," जाऊ म्हणाली. "म्हणजे, धोका आहेच. आधी वजन पूर्ण उतरवावं, मग बघावं."

"वहिनीचं वहिनी ठरवेल ना," धाकटा म्हणाला. कालच्या अपराधाने तो इतका मऊ झाला होता की बायकोच्या विरुद्ध बोलतोय हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. जाऊच्या मात्र आलं.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"तुला तरी काय कळतं? तू काडीसारखी सडपातळ."

"गप्प बसा दोघं," आई म्हणाल्या.

आईंचा आवाज बारीक होता, पण या घरात तो चालायचा. त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतले. सासूपुढे हा विषय काढायला लागू नये म्हणूनच तर वहिनीने सहा वर्षं लपवलं होतं.

"तुमच्या वडिलांना नाटकांचं वेड होतं," आई मुलांकडे बघून म्हणाल्या. "नवीन नाटक लागलं की दोन तिकिटं घेऊन यायचे. आणि मी म्हणायचे, मला नाटक आवडत नाही, तुम्ही मित्राला घेऊन जा. तीस वर्षं मी त्यांना हेच सांगितलं. ते बिचारे गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं की माझ्या बायकोला नाटकाचा कंटाळा आहे." त्या जरा थांबल्या. "मला नाटक फार आवडायचं. विनोदी असलं तर जास्तच. पण तीन अंक बसून हसायचं म्हणजे खुर्ची ओली. धाकट्याच्या बाळंतपणानंतर जे सुरू झालं ते आजतागायत. मी सुईणीला विचारलं तर म्हणाली, बायकांचं असंच असतं. झालं, विषय संपला."

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत," वहिनी कशीबशी म्हणाली.

"तू कुठे बोललीस? चार वर्षं बघतेय मी, तुझे कपडे तू सगळ्यांच्या आधी उठून धुतेस. मला वाटायचं विचारावं. मग वाटायचं, हिला लाज वाटेल. मला स्वतःचीच लाज वाटत होती, दुसरं काय." मग त्या दादाकडे वळल्या. "तुला वडिलांची भीती वाटते, मला कळतं. तो माझा नवरा होता. पण भीती तुला वाटते म्हणून हिने ओलं राहायचं, हे मला पटत नाही. त्या डॉक्टरणीकडे जा, समोर बसून तुझी भीती तिला विचार. ती काय म्हणते ते ऐक. मग बोल."

दादाने बाकाची कड सोडली.

*

उस्तादांकडे त्याच दिवशी दुपारी गेले, वहिनी आणि धाकटा. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत उस्ताद आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होते. दार त्यांनी उघडलं, बसा म्हणाले आणि पुन्हा इस्त्रीकडे वळले. कॉलरच्या टोकापर्यंत इस्त्री नेऊन मगच त्यांनी मान वर केली.

वहिनीने सकाळी जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते जरा सोपं गेलं, तरी खिडकीबाहेर बघतच.

"मला माहीत होतं," उस्ताद म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"वहिनी, चाळीस वर्षं मी गाद्या उसवतोय. कुठला डाग कशाचा ते मला सांगायला लागतं होय? लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे, कुत्र्यांचे, सगळे बघितलेत. आणि तुम्ही तिथून उठताना मी शिवणाच्या मशीनमागे होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" धाकट्याने विचारलं.

"काय बोलू? माझा नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मग कुणाचा? तुमचा आवाज असा की रस्त्यावरची माणसं थांबून आत बघत होती. मी निघून गेलो तर विषय माझ्यापाशी संपेल असं वाटलं."

वहिनीचे डोळे भरून आले. उस्तादांनी ते ओळखलं आणि मुद्दाम धाकट्याकडे मोर्चा वळवला.

"आता तुमचं. वहिनींचं वेगळं, तुमचं वेगळं. पंचवीस वर्षं मी तुमच्याकडे चहा पितोय. आजवर एक थेंब कुठे सांडला?"

"नाही सांडला."

"मग?"

"चुकलो, उस्ताद."

"असं उद्या कारखान्यात म्हणा. तिथे बोललात, तिथेच म्हणा." उस्तादांनी शर्टाची घडी घातली. "सकाळी आठला येतो. डावी बैठक उसवून नवीन कापड लावू. आतला फोमही बदलावा लागेल. मंगळवारपर्यंत होतंय."

जिना उतरताना धाकटा दुसऱ्या मजल्यावर थांबला. मग म्हणाला, "वहिनी, मी एवढा जोरात बोलतो?"

"एवढा."

*

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दादा, वहिनी आणि जाऊ असे तिघे बसले. जाऊ स्वतःहून आली होती. तिच्या डायरीत एका खाली एक तेवीस प्रश्न होते आणि पहिल्या प्रश्नापासूनच तिचा सूर उलटतपासणीचा होता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, स्वतःही चांगल्या अंगापिंडाच्या. त्यांनी कागदावर आकृती काढली. खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना पोटातला दाब वाढतो. मूत्रमार्गाखालचा आधार सैल पडला असला की त्या दाबापुढे तो टिकत नाही. वजनाने रोजचा दाब वाढतो, बाळंतपणांनी आधार ढिला होतो. ताईंच्या बाबतीत दोन्ही आहे.

"बैठकीखालचे पट्टे सैल पडतात तसं," वहिनी म्हणाली. "वर कितीही चांगला फोम टाका, माणूस खालीच जातो."

"अगदी तसंच. आपण तिथे एक अरुंद, जाळीदार पट्टी बसवणार. मूत्रमार्गाच्या खालून, झोळीसारखी."

"ताणून?"

"नाही. ती नुसती आधाराला असते. ओझं आलं तेव्हाच तिने काम करायचं. ताणून बसवली तर लघवी अडकते."

वहिनीने मान हलवली. पट्टा जास्त ताणला की सांगाड्याला चीर जाते, हे तिला कुणी समजवायची गरज नव्हती.

"यांचं वजन जास्त आहे," जाऊ म्हणाली. "अशा बायकांत हे ऑपरेशन तितकं यशस्वी होत नाही, असं मी वाचलं."

"सडपातळ बायकांपेक्षा यश थोडं कमी, हे खरं. पण बहुतेक जणींना चांगलाच फरक पडतो. अगदी शंभर टक्के कोरडं होईल असं वचन मी कुणालाच देत नाही."

"मग आधी वजन पूर्ण उतरवलं तर?"

"उतरवावंच. त्यांनी आठ किलो उतरवलं, त्याचा उपयोग झाला, पुढेही होईल. पण ठरावीक आकडा गाठेपर्यंत बाईला ओलं ठेवायचं, याला मला कारण दिसत नाही. पट्टी बसल्यावर चालणं वाढतं, हेही मी बघितलंय. पळायची भीती गेली की माणूस पळतो."

जाऊने पुढचे प्रश्न विचारले. पट्टीचा त्रास होऊ शकतो का? होऊ शकतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. क्वचित ती आतल्या कातडीतून वर येते, दुखते, काढावी लागते. कुणाला घाईची लघवी सुरू होते. दुसरे उपाय? शरीरातल्याच पडद्याची पट्टी काढून बसवता येते, पण चीर मोठी पडते. तिथे इंजेक्शन देता येतं, पण ते फार दिवस टिकत नाही. त्यांनी काहीही झाकून ठेवलं नाही. चौदाव्या प्रश्नाला जाऊचा सूर बदलला, आणि अठराव्यानंतर तिने पेन खाली ठेवलं.

मग दादाने विचारलं, "भूल?"

एकच शब्द. पण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. त्यांनी वडिलांची सगळी हकिकत ऐकून घेतली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. वजन जास्त असलेल्या माणसाला भूल देताना कशाची काळजी घ्यायची ते त्यांनी सांगितलं, रक्त, हृदय, श्वास, सगळं आधी तपासून घेऊ म्हणाले, आणि शेवटी विचारलं, "झोपेत घोरतात का या?"

दादा एकदम पुढे सरकला. "हो. पाठीवर झोपली की जास्त. कुशीवर कमी. साधारण दोनच्या सुमारास एक मोठा आवाज येतो, मग जरा वेळ शांत, मग परत सुरू. मी मोजलंय, कधी कधी आठ सेकंद शांत असते. मग मी तिला हलवतो."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही जागे असता?"

"असतो," दादा म्हणाला.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं आणि झोपेतल्या श्वासाची तपासणी आधी करायची ठरली. ती झाली, वहिनीकरता झोपेत नाकावर लावायचं यंत्रही आलं. उस्तादांनी त्या यंत्राचा पट्टा टोचतो म्हणून त्याला आतून उरलेल्या मखमलीचं अस्तर शिवून दिलं. ऑपरेशनची तारीख या सगळ्यात तीन आठवडे पुढे गेली. दादाने पुन्हा 'नाही' म्हटलं नाही. 'हो' असंही म्हटलं नाही, पण कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा साक्षीदार म्हणून पेन त्यानेच आधी उचललं.

*

ऑपरेशनला अर्ध्या तासाहून जास्त लागलं नाही. वहिनी शुद्धीवर आली तेव्हा दादा पलंगाशी उभा होता आणि तिच्याकडे असा बघत होता की जणू पापणी लवली तर ती नाहीशी होईल. पहिला प्रश्न तिने विचारला तो पाण्याचा. तो ऐकून दादाचा जीव भांड्यात पडला आणि तो पहिल्यांदा स्टुलावर बसला.

खरी परीक्षा दुपारी होती. ऑपरेशनच्या वेळी मूत्रमार्गात घातलेली नळी काढल्यावर लघवी आपली आपण व्हायला हवी, आणि झाल्यावर आत किती उरते ते यंत्राने बघायचं. फार उरली तर नळी घालून घरी जायचं.

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. दुसऱ्या खेपेला जरासं झालं, आणि नर्सने यंत्र पोटावर फिरवून सांगितलं की आत साडेतीनशे मिली आहे.

"पट्टा ताणला गेला की काय?" वहिनी म्हणाली. सकाळपासून ती धीराने होती, पण आता तिचा चेहरा उतरला.

"लगेच असं ठरवू नका," नर्स म्हणाली. "सूज असते, भीती असते. अजून एकदा बघू. नाहीच झालं तर नळी घालून जायचं, थोड्या दिवसांत बहुतेकींचं सुरळीत होतं."

दादा दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. वहिनीने त्याला जवळ बोलावलं.

"तुम्ही कारखान्यात जा."

"का?"

"तुमचं तोंड बघून मला होत नाही."

तो गेला. जाऊ थांबली. तिने वहिनीला हळूहळू व्हरांड्यात फिरवलं, नळ सोडून ठेवला, आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर पाठ करून उभी राहिली. तिथून ती शाळेतल्या गमती सांगू लागली. एका मुलाने अपूर्णांकांच्या भागाकाराची रीत सांगताना तिचीच नक्कल केली होती आणि वर्ग हसला तेव्हा तिलाही हसू आवरेना, वगैरे. तीच नक्कल करून दाखवू लागली. सडपातळ, ताठ, शिस्तीची ती बाई व्हरांड्यात हात नाचवत स्वतःचीच नक्कल करत होती आणि येणारेजाणारे थबकत होते. आत वहिनीने डोळे मिटले. गेली सहा वर्षं ती फक्त आवळायला शिकली होती. सोडून द्यायचं कसं ते ती विसरून गेली होती.

मग आवाज आला. बराच वेळ येत राहिला. जाऊ बोलायची थांबली.

मापाच्या भांड्यात तीनशे वीस होतं. आत उरलेलं चाळीस. नर्स म्हणाली, छान.

जाऊने डायरीत दोन्ही आकडे लिहिले, वेळ लिहिली, आणि कारखान्याला फोन लावून स्पीकर चालू केला. तिकडून आधी शिवणाच्या मशीनचा खडखडाट आला आणि मग दादा. घंटी पुरती वाजलीसुद्धा नव्हती.

"झाली," जाऊ म्हणाली. "तीनशे वीस. उरली चाळीस."

मग दादाचा आवाज फोनपासून लांब गेला. "मशीन बंद करा. जरा मशीन बंद करा सगळ्यांनी." खडखडाट थांबला. "माझ्या बायकोला लघवी झाली. तीनशे वीस."

"आत उरली किती?" हा उस्तादांचा आवाज.

"चाळीस."

"मग पट्टा बरोबर बसलाय."

मागे धाकटा कुणालातरी समजावत होता, आणि या वेळी त्याच्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आईंचाही आवाज आला. त्या हल्ली खुर्चीत बसल्या बसल्या वहिनीच्या शिक्षिकेचे व्यायाम करत आणि दहा मोजेपर्यंत कुणाशी बोलत नसत. त्यांनी सात, आठ, नऊ, दहा पूर्ण केलं आणि मग विचारलं, "कुणाला काय झाली?"

वहिनीला हसू आलं. तिने पोटावर हात धरला, कारण दुखत होतं. सवयीने मांड्या आवळायला गेली आणि राहिली. हसू येऊ दिलं. नर्सने दटावलं, टाके ताजे आहेत, बेताने. वहिनी बेताने हसायचा प्रयत्न करत हसतच राहिली. जाऊने तिच्याकडे नुसतं बघितलं, भुवई जराशी वर केली. वहिनीने मान हलवली. काही नाही.

फोनवर आता एक अनोळखी बायकी आवाज ऐकू येऊ लागला. दुकानात कापड निवडायला आलेली कुणी असावी. "अहो, ऐका ना. ते ऑपरेशन कुठे केलं म्हणालात? नाही, आमच्या ओळखीत एक जण आहे..." मग तो आवाज खाली आला, फार खाली. "दुखतं का हो खूप? त्या बाई जरा जाड आहेत का? नाही, मी पण तशीच, म्हणून विचारलं."

पलीकडे तीन पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघत असणार.

वहिनीने हात पुढे करून जाऊकडून फोन घेतला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "फोन त्यांच्याकडे द्या. आणि त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवा. मी सांगते त्यांना सगळं."